हात लुळा पडतो तेव्हा बिघाड कुठं असतो? मेंदूच्या भागांची ओळख

लकवा मारलेल्या हाताला स्वतःला काहीच झालेलं नसतं. हाड जागेवर असतं, स्नायू धड असतात, हातातल्या नसाही शाबूत असतात. बंद पडलेली असते ती त्या हाताला हलवणारी मेंदूतली जागा. उजवा हात लुळा पडला तर बिघाड बहुतेक वेळा डोक्याच्या डाव्या बाजूला असतो. आणि आपल्याकडे, बीड-लातूर-धाराशिवच्या खेड्यांत, माणसाच्या अंगावरून वारं गेलं की सगळं घर त्या हातापायाच्या मागं लागतं. तेल कोमट करून चोळतात, शेक देतात, कुणीतरी कबुतराचं रक्त लावणाऱ्याचा पत्ता काढतं, जीप करून पेशंटला तिकडं नेतात. चोळणाऱ्यांची माया खरी असते, त्यात शंका नाही. पण ज्या जागेला मदत हवी ती कवटीच्या आत असते, आणि तिथली वेळ संपत चाललेली असते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लकव्याच्या, डोक्याला मार लागलेल्या, कंपवाताच्या पेशंटचे व्यायाम घेणं हे माझं रोजचं काम. मेंदूत कुठं काय आहे याची ढोबळ माहिती घरच्यांना असली, तर पेशंट असा का वागतो ते त्यांना कळतं. ती नसली की आजाराला ते हट्ट म्हणतात, वेड म्हणतात, करणीही म्हणतात. पेशंटचे हाल तिथून सुरू होतात.

मेंदूचं वजन साधारण १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आसपास. पण आपण नुसते बसलेलो असलो तरी शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळपास २० टक्के एकटा मेंदू वापरतो, आणि स्वतःजवळ साठा म्हणून जवळजवळ काहीच ठेवत नाही. रक्त पूर्ण थांबलं तर काही सेकंदांत शुद्ध जाते, काही मिनिटांत पेशी मरायला लागतात. वरचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे मोठा मेंदू. त्याचे डावा आणि उजवा असे दोन अर्धे. त्याच्या खाली, मागच्या बाजूला, मानेच्या वर लहान मेंदू. आणि या दोघांना पाठीच्या मणक्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा मेंदूचा देठ. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावर २ ते ४ मिलिमीटर जाडीचा राखाडी थर घड्या पडून बसलेला असतो. बोलणं, ओळखणं, ठरवणं, हालचालीचे हुकूम सोडणं ही कामं मुख्यतः या पातळ थरातली.

हातापायाची पट्टी

१८६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे डॉक्टर फिट येणाऱ्या पेशंटकडे बारकाईनं बघायचे. काहींची फिट अंगठ्यापासून सुरू व्हायची, मग पंजा, मग दंड, मग तोंडाची तीच बाजू. जॅक्सन यांनी ताडलं की मेंदूत या अवयवांच्या जागा शेजारी-शेजारी असणार आणि फिट एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरकत असणार. कवटी न उघडता, नुसतं बघून काढलेला हा निष्कर्ष मला आजही थक्क करतो. १८७० मध्ये जर्मनीत फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श केला आणि उलट्या बाजूचे पाय हलले. पुढं १९३० च्या दशकात कॅनडातल्या माँट्रियलमध्ये वाइल्डर पेनफिल्ड यांनी माणसाच्या मेंदूवर हा नकाशा काढला. पेशंट जागे असायचे, कारण मेंदूला स्वतःला दुखत नाही. फक्त कवटीवरची कातडी बधिर केली की पुरतं. ते एकेका जागेला सौम्य वीज लावायचे आणि काय हललं, काय जाणवलं ते लिहून ठेवायचे.

एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत बोट फिरवलं, की साधारण त्याच रेषेखाली हालचालीची पट्टी येते. खाली, कानाच्या बाजूला तोंड आणि जीभ, त्याच्यावर हात, टाळूजवळ धड, आणि पाय वर, दोन्ही अर्ध्यांच्या मधल्या फटीत. तिच्या लगेच मागं तशीच दुसरी पट्टी स्पर्शाची. जागेची वाटणी अवयवाच्या आकारावर होत नाही, कामाच्या नाजूकपणावर होते. अख्ख्या पाठीला मिळते त्याच्या कितीतरी पट जागा बोटांना आणि ओठ-जिभेला. या पट्टीतून निघालेले बहुतेक धागे मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाला बाजू बदलतात. म्हणून डावा मेंदू उजव्या अंगाचा आणि उजवा मेंदू डाव्या अंगाचा.

फिटीचा विषय निघालाच आहे तर इथंच सांगते. फिट आली की चप्पल किंवा कांदा हुंगवायची पद्धत आपल्याकडं अजून आहे. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. करायचं एवढंच: माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, आणि हाताशी मोबाइल असेल तर व्हिडिओ काढायचा. पहिल्यांदा काय हललं, मान कुठं वळली, हे डॉक्टरला दिसलं तर त्यांना मेंदूतली जागा शोधायला जॅक्सनसारखीच मदत होते. ५ मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. आपल्या देशात फिटीचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत गेलेल्या टेपवर्मच्या अळ्या. त्याची अंडी न धुतलेल्या हातांतून, घाण पाण्यावरच्या कच्च्या भाजीतून पोटात जातात. मांस न खाणाऱ्यांनाही हे होतं.

चारी बुजली की

जायकवाडीच्या कालव्याची एखादी चारी मधेच बुजली तर सगळ्या शिवाराचं पाणी तुटत नाही. त्या चारीच्या पुढची रानं तेवढी वाळतात. मेंदूत प्रत्येक रक्तवाहिनीचं रान असंच ठरलेलं आहे. बहुतेक लकवे रक्ताची गुठळी अडकून होतात, थोडे रक्तवाहिनी फुटून. मोठ्या मेंदूच्या बाजूला रक्त देणारी वाहिनी बंद झाली तर तोंड, हात आणि (डाव्या बाजूला असेल तर) बोलणं जातं. पायाची जागा मधल्या फटीत, तिला रक्त वेगळ्या वाहिनीचं. म्हणून कित्येकांचा हात पूर्ण लुळा असतो आणि पाय मात्र टेकता येतो.

मोठी वाहिनी बंद झाली तर दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण ते देण्याआधी सीटी स्कॅन हवाच, कारण रक्तवाहिनी फुटलेली असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतेल. म्हणून गावातल्या दवाखान्यात सलाइन लावून 'बघू उद्यापर्यंत' म्हणण्यात अर्थ नाही. १०८ नंबरची ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात थेट जायचं. डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील: शेवटचं धडधाकट कधी बघितलं? माणूस झोपेतून उठतानाच लुळा पडलेला दिसला, तर घड्याळ रात्री झोपायला गेला तेव्हापासून मोजतात.

बोलणं गेलं, की समज गेली?

१८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांच्याकडं एक पेशंट आला. गेली कित्येक वर्षं त्याला 'तां' एवढा एकच उच्चार येत होता. कळायचं सगळं, हातवारे नेमके करायचा. तो वारल्यावर ब्रोका यांनी मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागाच्या खालच्या कडेला खराबी होती. बोलणं रचून बाहेर काढण्याची जागा ती. १८७४ मध्ये कार्ल वेर्निके यांनी दुसरी जागा दाखवली, डाव्या कानशिलाच्या मागच्या बाजूची, बोललेलं समजण्याची. उजव्या हातानं काम करणाऱ्या जवळपास सगळ्यांची भाषा डाव्या अर्ध्यात असते, डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची तिथंच. उजवा हात आणि बोलणं एकत्र जातं ते यामुळं.

पहिल्या जागेचा बिघाड घरच्यांना लवकर उमगतो. माणूस धडपडून एकेक शब्द काढतो, चिडतो, रडतो. दुसऱ्या जागेचा बिघाड फसवा. हातपाय चालतात, बोलणं सुरळीत वाहतं, आवाजाचा चढउतारही बरोबर, पण शब्दांना अर्थ नाही आणि आपण बोललेलं त्याला कळत नाही.

एका सूनबाईंचा फोन आला होता. "मॅडम, मामंजी येड्यावानी करायलेत. पानी पायजे का म्हनलं तर कडबा भरा, कडबा गेला पुलावर म्हनायलेत. हातपाय तर चांगलेत. देवाचं बगावं का?"

"कधीपासून असं बोलायलेत ताई?"

"सकाळधरनं. काल तर बाजारला गेलते."

"मग आधी एकशेआठला फोन लावा. देवाचं मागून बघू."

काल बाजाराला जाऊन आलेला साठीतला माणूस आज अचानक असंबद्ध बोलतो, तेव्हा पहिली शंका मेंदूतल्या रक्तपुरवठ्याची घ्यावी. वेड असं एका सकाळी, त्या वयात, सहसा येत नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांना फार धीर देते. ज्याला मुलाचं नाव सांगता येत नाही असा माणूस कधीकधी काकड्याचं भजन सगळ्यांबरोबर अख्खं म्हणतो. अंक ओळीनं म्हणतो, वार म्हणतो, राग आला तर शिवीही स्पष्ट देतो. पाठ झालेलं, चालीत बसलेलं बोलणं आणि नवं वाक्य रचणं यांच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत. चालीच्या कामात उजव्या अर्ध्याचा मोठा वाटा असतो. म्हणून मी घरच्यांना सांगते, संध्याकाळी त्यांना टाळ द्या आणि भजनात बसवा. बोलण्याचे व्यायाम शिकवणारे तज्ज्ञही चालीचा असाच उपयोग करतात. आणि पेशंटसमोर त्याच्याबद्दल बोलताना जपा. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असं नसतं.

अर्धं ताट

उजव्या बाजूचा, टाळूच्या मागच्या भागाचा बिघाड मला सगळ्यात विचित्र वाटतो, आणि घरच्यांना त्याचाच सगळ्यात जास्त राग येतो. पेशंटसमोर ताट ठेवा. उजवीकडची भाकरी, ठेचा संपतो. डावीकडची भाजी तशीच. वरून तक्रार, "भाजी वाढलीच नाही." ताट फिरवून दिलं की भाजी खातो. दाढी उजव्या गालाचीच करतो. बंडीची एकच बाही घालतो. डावीकडून हाक मारली तर उजवीकडं बघतो. डोळे चांगले असतात, पण जगाची डावी बाजू त्याच्या ध्यानातच येत नाही. काहीजण तर लुळा हात आपला नाहीच म्हणतात, किंवा हात चांगला आहे असं ठामपणे सांगतात आणि उठायला जाऊन पडतात. हा हट्ट नाही. आपलं अंग आणि भोवतालची जागा यांचा हिशोब ठेवणारा भागच बंद पडलेला असतो. उपाय म्हणून खाट अशी लावतात की माणसांची ये-जा, टीव्ही, बोलणं डावीकडून व्हावं, आणि मान पुन्हापुन्हा तिकडं वळावी. तांब्या मात्र सुरुवातीला उजवीकडंच ठेवावा.

दृष्टीचं केंद्र डोळ्यांपासून सगळ्यात लांब, थेट डोक्याच्या मागं आहे. रशिया-जपान युद्धात डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांची तपासणी करताना तात्सुजी इनोये या जपानी डॉक्टरांनी तिथला नकाशा काढला: गोळी कुठून गेली आणि नजरेचा कोणता तुकडा गेला, हे त्यांनी ताडून पाहिलं. या भागाच्या एका बाजूला इजा झाली तर दोन्ही डोळ्यांतली उलट्या बाजूची अर्धी नजर जाते. असे लोक चष्म्याचा नंबर बदलत फिरतात. डोळे तपासून ठीक निघाले आणि तरी दाराच्या एकाच चौकटीला सारखा खांदा लागत असेल, तर डोक्याची तपासणी करून घ्यावी.

आठवण आणि भीती

कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक, हिप्पोकॅम्पस नावाचा वळलेला भाग आहे. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट थांबवण्यासाठी डॉक्टरांनी दोन्हीकडचे हे भाग बरेचसे काढून टाकले. फिट कमी झाल्या, पण नवी आठवण बसणं कायमचं थांबलं. ब्रेंडा मिलनर या संशोधिका वर्षानुवर्षं त्याला भेटत राहिल्या. त्याच्यासाठी त्या दरवेळी नव्या. मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज तो म्हणायचा की असं काही मी कधी केलेलं नाही. प्रसंगांची आठवण आणि हाताची सवय वेगवेगळ्या जागी साठते, हे या एका माणसामुळं जगाला कळलं. २००८ मध्ये तो वारला, त्यानंतरच त्याचं पूर्ण नाव जाहीर झालं. तोवर शास्त्रज्ञ त्याला एच. एम. म्हणत.

अल्झायमरचा आजारही बहुधा याच भागातून आणि त्याच्या शेजारातून सुरू होतो. आपल्याकडं नव्वदीतली माणसं रझाकारांच्या वेळी कोणत्या वाटेनं गाव सोडलं, १९४८ च्या सप्टेंबरात फौज आली तेव्हा कुणाच्या वाड्यात होतो, हे तपशिलानं सांगतात आणि सकाळचा चहा झाला का हे विचारतात. घरच्यांना वाटतं, एवढं जुनं आठवतं म्हणजे म्हातारा नाटक करतो. नाटक नसतं. जुन्या आठवणी मेंदूच्या थरात पसरून पक्क्या झालेल्या असतात. नवी बसवणारी जागा झिजलेली असते.

हिप्पोकॅम्पसच्या पुढच्या टोकाला बदामाएवढा ॲमिग्डाला असतो. धोका ओळखून अंग सज्ज करणं हे त्याचं मुख्य काम. आवाजाची, हादऱ्याची खबर त्याच्यापर्यंत आखूड वाटेनं पोचते, म्हणून काय झालं हे नीट कळायच्या आधीच छाती धडधडते आणि पाय दाराकडं धावतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपातून वाचलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. जुलै २०२४ मध्ये हिंगोली-नांदेड भागात धक्का बसला, तेव्हा त्या पहाटेची आठवण असलेले लोक लेकरं उचलून अंगणात आले. एवढ्या वर्षांनीही ट्रक गेल्यावर भांडी वाजली की दचकणाऱ्या माणसाला भित्रा म्हणू नये. ॲमिग्डाला पक्कं शिकतो आणि सहज विसरत नाही. योग्य उपचारांनी 'आता धोका नाही' हे त्याला नव्यानं शिकवता येतं. त्या कामात कपाळामागचा भाग त्याला आवर घालतो.

तो कपाळामागचा भाग म्हणजे फ्रंटल लोब. १३ सप्टेंबर १८४८ रोजी अमेरिकेत रेल्वेमार्गासाठी सुरुंग ठासताना फिनिअस गेज या मुकादमाच्या गालातून शिरलेली लोखंडी पहार कपाळाच्या वरून बाहेर पडली. साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोच्या आसपास वजनाची. तो जगला, चालत-बोलत राहिला. पण त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदवलं की जबाबदार, सगळ्यांना आवडणारा हा माणूस उर्मट आणि धरसोड झाला होता. पुढं त्यानं कित्येक वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं, म्हणजे बराच सावरलाही असावा.

गेज एकटा नाही. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेली, आयसीयूतून घरी आलेली पोरं मी बघते. जखम भरलेली, हातपाय ठीक, सीटी स्कॅनची फाईल कपाटात. आणि आई म्हणते, "वाचला खरं, पर ह्यो माझा पोरगा न्हाई." बोलू नये ते बोलतो, पैसे उडवतो, सांगितलेलं काम सुरूच करत नाही, किंवा दिवसभर भिंतीकडं बघत बसतो. आळस, संगत, दारू अशी कारणं घरात शोधली जातात. पुढचा विचार करणं, मनाला आवर घालणं, काम सुरू करून तडीला नेणं हे कपाळामागच्या भागाचं काम आहे, आणि रस्त्यावर तोच भाग सर्वांत आधी आपटतो. अशा पोरांना ओरडून उपयोग होत नाही. दिवसाचं ठरलेलं वेळापत्रक, एका वेळी एकच काम, मोबाइलवर गजर, आणि व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हातात, यानं फरक पडतो.

खालचे कारभारी

मोठ्या मेंदूच्या पोटात खोलवर असलेले चेतापेशींचे पुंजके हालचालीचं सुरू-बंद आणि लय सांभाळतात. त्यांना डोपामिन नावाचं रसायन पुरवणाऱ्या पेशी झिजल्या की कंपवात होतो. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी त्याचं वर्णन केलं. हात थरथरणं सगळ्यांना दिसतं. त्याच्या आधीची चिन्हं मात्र सुटतात. चालताना एक हात हलत नाही, सही बारीक होत जाते, चेहऱ्यावरचे भाव जातात, खाटेवर कूस बदलायला जड जातं. आपल्या बांधावरच्या खाजकुयलीच्या बियांत ज्या द्रव्यापासून डोपामिन बनतं ते लेव्होडोपा असतं, हे खरं आहे. पण बी दळून मनानं खाल्लं तर मात्रा किती पोटात गेली ते कळत नाही, आणि सुरू असलेल्या गोळ्यांत भर पडून त्रास होतो.

लहान मेंदूचा आकार फसवा. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात, त्यातल्या ६९ अब्ज या एवढ्याशा भागात. भाकरी थापणारी बाई बघा. पीठ एका हातानं दाबलं जातं, त्याच क्षणी परात न सोडता भाकरी गोल फिरते, दाब कडेला वाढतो, मध्ये कमी होतो, आणि बाईचं लक्ष शेजारणीच्या बोलण्यात. दाब आणि वेग यांची ही जुळणी लहान मेंदू करतो. तो बिघडला की हातात ताकद असूनही भाकरी फाटते, तव्यावर टाकताना हात पुढं जातो, चालताना पाय फाकवून टाकावे लागतात, बोलणं दारू प्यायल्यासारखं होतं. अचानक चक्कर, उलट्या आणि बसल्याजागी तोल जाणं हा लहान मेंदूचा लकवा असू शकतो; 'पित्त झालं' म्हणून घरी थांबू नये.

मराठवाड्यात लहान मेंदूला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे ऊन. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग तहान, भूक आणि अंगाचं तापमान राखतो. ३७ अंशांच्या आसपास. गरम वाढलं की तो घाम सोडतो, कातडीकडं रक्त वळवतो. वसमतकडं हळद शिजवण्याच्या दिवसांत माणसं वरून ऊन आणि पुढ्यात वाफ अशा दुहेरी उष्णतेत राबतात. अशा वेळी हायपोथॅलॅमसचे उपाय अपुरे पडतात, अंग ४० अंशांच्या पुढं तापतं आणि माणूस भलतंसलतं बोलायला लागतो. उष्माघाताची खूण हे भलतं बोलणं आहे. घाम येत असला तरीही उष्माघात असू शकतो. लहान मेंदूतल्या पर्किंजे पेशी उष्णतेला विशेष नाजूक असतात. त्यामुळं उष्माघातातून वाचलेल्या काहींचा तोल आणि बोलणं कायमचं बिघडतं. असा माणूस दिसला की गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत घेऊन कपडे सैल करायचे, अंगभर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

राहिला मेंदूचा देठ. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, जाग या गोष्टी तो सांभाळतो. लकव्यानंतर गिळण्याचा समन्वय बिघडलेला असतो, आणि मायेनं पाजलेला घोटभर चहा फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी गिळणं तपासेपर्यंत तोंडानं काही देऊ नये. देठ कायमचा बंद पडला तर व्हेंटिलेटरवर छाती हलते, हृदयही काही काळ चालतं, पण माणूस परत येत नाही. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानं हा मृत्यू मानला आहे. चार डॉक्टरांचं मंडळ किमान ६ तासांच्या अंतरानं दोनदा तपासणी करून तो जाहीर करतं. कोमात ही वेळ आलेली नसते, देठ कमी-अधिक जिवंत असतो. आयसीयूच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हा फरक कुणीतरी शांतपणे सांगायला हवा.

याच देठाच्या वरच्या भागाला मिडब्रेन म्हणतात, जेमतेम दोन सेंटिमीटरचा. बाहुली लहान-मोठी करणं, डोळे फिरवणं, आवाजाच्या दिशेला मान वळवणं ही त्याची कामं, आणि जन्मल्यापासून तो सुरूच असतो. तरीही महाराष्ट्रात 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग निघाले आणि पट्टी बांधून वाचणारी मुलं दाखवून हजारो रुपये फी घेतली गेली. पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीतून मुलांना दिसत असतं. डाव्या मेंदूचे हिशोबी आणि उजव्या मेंदूचे कलावंत ही विभागणीही तशीच बिनबुडाची, आणि आपण मेंदू १० टक्केच वापरतो हेही. पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवणाऱ्या आईबापांचा पैसा यात जातो, याची मला फार चीड येते.

परत काय येतं

मेलेल्या पेशी परत उगवत नाहीत, पण आसपासचे भाग त्यांचं थोडं काम शिकून घेतात. हे शिकणं पहिल्या तीन महिन्यांत सर्वात वेगानं होतं, त्यानंतर मंदावतं, पण वर्षांनंतरही थांबत नाही. ते होतं हालचाल पुन्हापुन्हा करण्यानं, आणि ती हालचाल पेशंटनं स्वतः करायला हवी. दुसऱ्यानं चोळून, हलवून सांधे मोकळे राहतात, मेंदू फारसा शिकत नाही. ज्यांची बोटं थोडी तरी हलतात त्यांचा चांगला हात रोज काही तास बांधून ठेवून लुळ्या हाताकडून शेंगा निवडणं, वाटी उचलणं, बटण लावणं अशी कामं करून घेतात.

पाय आधी सुधारतो, हात मागून, बोटं सगळ्यात शेवटी. काहींची बोटं पूर्ण सुधारतही नाहीत. चालण्याच्या लयीला मज्जारज्जू आणि मेंदूचा देठ यांची मदत मिळते, बोटांची नाजूक कामं मात्र जवळजवळ पूर्णपणे त्या वरच्या पट्टीवर अवलंबून असतात. म्हणून माणूस चालायला लागला की व्यायाम बंद करणं चुकीचं. हाताचं खरं काम तेव्हा सुरू झालेलं असतं. तोवर खांदा जपायचा. स्नायू ढिले असताना सांध्याला धरून ठेवणारं काही नसतं, आणि ओढाताणीनं खांदा निखळतो, मग महिनोन् महिने दुखतो. पेशंटला उठवताना लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून ओढू नये. एक हात पाठीवर खांद्याच्या फळीमागं, दुसरा कमरेला, पेशंटला पुढं झुकायला सांगून मग उठवायचं. बसवल्यावर लुळा हात लोंबकळत न ठेवता मांडीवरच्या उशीवर ठेवायचा.